एकाच लिपिडाचे दोन उलटे निकाल: टीबीच्या जंतूची मेदजनुकं पेशीत नेमकं काय करतात?

प्रश्न असा आला आहे: "मी सूक्ष्मजीवशास्त्रात पीएच.डी.साठी नुकतंच नाव नोंदवलंय. टीबीच्या जंतूतलं लिपिड, म्हणजे मेदाचा रेणू, बनवणारं जनुक काढलं की जंतू दुबळा होतो, असं एका शोधनिबंधात वाचलं. दुसऱ्या निबंधात त्याच लिपिडाचं जनुक काढूनही काही फरक पडला नाही असं लिहिलंय. खरं कोणाचं मानायचं? आणि मॅक्रोफेजवर, म्हणजे जंतू गिळणाऱ्या पांढऱ्या पेशींवर, काम करायचं तर कुठलं जनुक घेऊ?"

बहुतेक वेळा दोघांचंही खरं असतं. पहिल्याने एक मोजलेलं असतं, दुसऱ्याने दुसरंच, आणि कधीकधी दोघांच्या हातातला जंतूही एक नसतो. हा शेवटचा मुद्दा सगळ्यात महत्त्वाचा आहे आणि त्यावर मी नंतर सविस्तर येतो. पण आधी ही लिपिडं पेशीत काय उद्योग करतात ते पाहू, नाहीतर निकाल उलटे का येतात ते कळणार नाही.

१९९८ मध्ये टीबीच्या जंतूच्या एच३७आरव्ही या प्रयोगशाळेतल्या वाणाचा संपूर्ण जनुकसंच वाचला गेला. सुमारे ४४ लाख बेस जोड्या, म्हणजे डीएनएची अक्षरं, सुमारे ४००० जनुकं. त्यात मेदाम्लांच्या घडामोडीत गुंतलेली एन्झाइमं जवळपास २५० निघाली. ई. कोलायमध्ये ती ५०च्या आसपास आहेत. एका जंतूला इतक्या मेदाची काय गरज, हा प्रश्न तेव्हा अनेकांना पडला. काही भाग उघड होता: त्याची भिंतच मेदाची आहे. ६० ते ९० कार्बनचं मायकोलिक आम्ल त्या भिंतीत ठासून भरलेलं असतं. म्हणूनच बेडक्याच्या काचपट्टीवर कार्बोल फुक्सिन हा रंग एकदा आत शिरला की आम्लाने धुतला तरी निघत नाही, आणि म्हणूनच लॅबवाले त्याला एएफबी, म्हणजे आम्लाला न जुमानणारा जंतू, म्हणतात. पण मायकोलिक आम्लांच्या बाहेर, जंतूच्या अगदी वरच्या पदरात, सुटी विणलेली आणखी काही लिपिडं असतात. तिथे ती नुसती भिंत म्हणून राहत नाहीत. जंतू पेशीला भिडला की पहिला स्पर्श त्यांचाच होतो, आणि काही लिपिडं तर जंतूला सोडून पेशीच्या पडद्यात जाऊन बसतात.

त्यातलं सगळ्यात वजनदार नाव म्हणजे पीडीआयएम. पूर्ण नाव थायोसेरॉल डायमायकोसेरोसेट, कुणीच म्हणत नाही. १९९९ मध्ये दोन गटांनी, एक अमेरिकेतला आणि एक पॅरिसच्या पाश्चर इन्स्टिट्यूटमधला, एकमेकांपासून वेगळं काम करून जवळजवळ एकच गोष्ट शोधली. दोघांनीही जंतूच्या अनेक म्यूटंटना, म्हणजे एखादं जनुक बिघडवलेल्या वाणांना, वेगवेगळ्या डीएनए-खुणा लावल्या, ते मिसळून उंदरात सोडले आणि फुप्फुसात कोण टिकलं नाही ते पाहिलं. गळालेल्यांपैकी अनेक म्यूटंट जनुकसंचाच्या एकाच पट्ट्यात सापडले, आणि तो पट्टा पीडीआयएम बनवण्याचा आणि बाहेर नेण्याचा होता. अमेरिकन गटाला दिसलेली गंमत अशी की हे म्यूटंट फुप्फुसात वाढत नव्हते, पण यकृतात आणि प्लीहेत त्यांना फारशी अडचण नव्हती. म्हणजे हे लिपिड जगण्यासाठी लागत नाही, विशिष्ट जागी लागतं. तुमच्या प्रश्नाचं निम्मं उत्तर इथेच आहे.

हे लिपिड बनतं कसं ते थोडं समजून घ्या, कारण जनुक निवडताना तेच उपयोगी पडेल. फॅडडी२६ हे एन्झाइम एका मेदाम्लाला सक्रिय करून पीपीएसएच्या हाती देतं. मग पीपीएसए ते पीपीएसई अशी पाच अवाढव्य एन्झाइमं एकामागून एक तुकडे जोडत साखळी वाढवत नेतात. दुसऱ्या बाजूला मास नावाचं एन्झाइम मिथाइलच्या फांद्या असलेली मायकोसेरोसिक आम्लं तयार करतं, त्यासाठी फॅडडी२८ मदतीला असतं. पापए५ ही दोन्ही टोकं जुळवतं. तयार माल एमएमपीएल७ आणि डीआरआर-एबीसी आतल्या पडद्यापार नेतात, आणि एलपीपीएक्स पुढे बाहेरच्या थराकडे पोहोचवतं. या मार्गाचं एक मोठं कोडं आपल्याकडे सुटलेलं आहे. फॅडडी कुळातली एन्झाइमं मेदाम्लाला को-एन्झाइम-ए या मदतनीस रेणूशी जोडतात असंच सर्वत्र धरलं जायचं. २००४ मध्ये दिल्लीच्या नॅशनल इन्स्टिट्यूट ऑफ इम्युनॉलॉजीतल्या राजेश गोखले यांच्या गटाने दाखवलं की यातला एक मोठा वर्ग तसं करतच नाही. तो मेदाम्लाला अ‍ॅडेनिलेट रूपात सक्रिय करून थेट पुढच्या एन्झाइमला सोपवतो. नावात 'फॅडडी' दिसलं म्हणून काम एकच समजू नका, असं मी विद्यार्थ्यांना सांगतो ते यासाठीच. या कुळात तीसहून अधिक जनुकं आहेत.

आता पीडीआयएम पेशीपाशी काय करतं. एक नव्हे, किमान तीन गोष्टी, आणि त्या वेगवेगळ्या वेळी.

पहिली गोष्ट पेशीत शिरण्याच्याही आधी घडते. जंतूच्या पृष्ठभागावर असे रेणू असतात जे आपल्या प्रतिकारयंत्रणेला ओळखू येतात, टोल-लाइक रिसेप्टर त्यांना पकडतात. पीडीआयएमचा थर त्यांच्यावर असला की ते झाकले जातात. ललिता रामकृष्णन यांच्या गटाने २०१४ मध्ये झेब्रा माशात, मायकोबॅक्टेरियम मरिनम वापरून, हे छान दाखवलं. पीडीआयएम नसलेल्या जंतूकडे नायट्रिक ऑक्साइड बनवणाऱ्या, मारक मॅक्रोफेज धावून येतात आणि त्याला संपवतात. पीडीआयएम असलेल्या जंतूकडे मात्र त्याच्याच फिनॉलिक ग्लायकोलिपिडच्या, म्हणजे पीजीएलच्या, इशाऱ्यावर दुसऱ्याच मॅक्रोफेज येतात, ज्यांच्या पोटात जंतू सुखाने राहतो. म्हणजे एक लिपिड नको त्यांना दूर ठेवतं आणि दुसरं हव्या त्यांना बोलावतं. त्याच कामातून या गटाने आणखी एक तर्क मांडला आणि मला तो पटतो: नाकाघशात इतर जंतूंची वस्ती असल्याने तिथे मारक मॅक्रोफेजची ये-जा चालूच असते, म्हणून टीबीला खोल फुप्फुसात उतरावं लागतं आणि त्यासाठी अगदी बारीक थेंब लागतात.

दुसरी गोष्ट शिरतानाची. पीडीआयएम हे लिपिड जंतूच्या अंगावरून निघून पेशीच्या पडद्यात पसरतं. फ्रान्समधल्या गटांनी २००९ मध्ये दाखवलं की त्यामुळे मॅक्रोफेजच्या पडद्याची घडण बदलते, जंतू आत घेतला जाणं सोपं होतं, आणि ज्या पिशवीत तो जातो त्या फॅगोसोमचं आम्लीकरणही मंदावतं. पुढे २०१९ मध्ये त्यांनी या रेणूच्या शंकूसारख्या आकाराचाच त्यात हात असल्याचं मांडलं. २०२० मध्ये कॅरोलिन बर्टोझी यांच्या प्रयोगशाळेतून आलेल्या कामात पीडीआयएम एपिथेलियल, म्हणजे अस्तराच्या, पेशींच्या पडद्यातही पसरतं असं दिसलं. मिथाइल फांद्यांमुळे ते प्रवाही राहतं म्हणून पसरतं, आणि यजमानाचं कोलेस्टेरॉल त्याला मदत करतं. माशांमध्ये कोलेस्टेरॉल कमी केल्यावर जंतूचा जम बसणं अवघड झालं. यावरून लगेच कुणी टीबीच्या रुग्णाला स्टॅटिन, म्हणजे कोलेस्टेरॉल कमी करणारं औषध, लिहून देऊ नये, एवढंच सांगतो. मासा तो मासाच. मुंबईत आयआयटीतही हीच बाजू, म्हणजे मायकोबॅक्टेरियाची लिपिडं आपल्या पेशींच्या पडद्याचं भौतिक वर्तन कसं बदलतात, अभ्यासली जाते. तुम्हाला जंतू हाताळण्याची परवानगी मिळायला वेळ लागणार असेल तर शुद्ध लिपिड आणि कृत्रिम पडदे यांवरचं हे काम साध्या प्रयोगशाळेतही करता येतं.

तिसरी गोष्ट आत गेल्यावरची. टीबीचा जंतू असलेला फॅगोसोम लायसोसोमशी, म्हणजे पेशीच्या आम्लयुक्त पचनपिशवीशी, नीट जुळत नाही हे १९७१ पासून माहीत आहे. पण काही काळाने जंतू ती पिशवी फोडूनच बाहेर पडतो. त्यासाठी ईएसएक्स-१ ही स्रावयंत्रणा लागते हे सगळे पाठ करतात. बीसीजी लसीच्या जंतूत तिच्याच जनुकांचा तुकडा, आरडी१, गळालेला आहे. २०१७ मध्ये स्वतंत्र गटांनी दाखवलं की ईएसएक्स-१ एकटी पुरत नाही. पीडीआयएम नसेल तर पिशवी फुटण्याचं आणि पुढे पेशी मरण्याचं प्रमाण बरंच घटतं. ज्या प्रयोगात ईएसएक्स-१चा म्यूटंट बनवताना नकळत पीडीआयएमही गेलं असेल, त्याच्या निष्कर्षाचं काय, हा प्रश्न तेव्हापासून अनेक जुन्या निबंधांवर लटकतो आहे.

आता तुमच्या मूळ शंकेचं माझ्या मते सगळ्यात बोलकं उदाहरण: सल्फोलिपिड-१. पीकेएस२ हे जनुक त्याची साखळी बनवतं, एमएमपीएल८ ते पूर्ण होऊन बाहेर पडण्यासाठी लागतं. पीकेएस२ काढलं की सल्फोलिपिड मुळात तयारच होत नाही. २००३ मध्ये असा जंतू उंदरात आणि गिनीपिगमध्ये सोडला तर तो मूळ वाणाइतकाच वाढला. त्याच सुमारास एमएमपीएल८ काढलेला जंतू मात्र उंदरात सौम्य निघाला. लिपिड एकच, दोन्ही म्यूटंटमध्ये ते पूर्ण रूपात नाही, आणि निकाल दोन. फरक असा की एमएमपीएल८च्या म्यूटंटमध्ये अर्धवट बनलेला रेणू आत साचून राहतो. म्हणजे सौम्यपणा सल्फोलिपिड नसल्याचा नसून साचलेल्या अर्धवट मालाचा, किंवा एमएमपीएल८च्या आणखी एखाद्या कामाचा असू शकतो. 'लिपिडाचं जनुक काढलं' एवढं वाक्य इथे काहीच सांगत नाही. मार्गाच्या सुरुवातीचं काढलं की शेवटचं, हे विचारल्याशिवाय पुढे वाचू नये.

आणि गोष्ट तिथे संपली नाही. जंतूंची संख्या मोजून सल्फोलिपिड बिनकामाचं ठरलं होतं. २०२० मध्ये टेक्सासमधल्या मायकेल शायलो यांच्या गटाने वेगळं मोजलं: खोकला. शुद्ध सल्फोलिपिड-१ वेदना जाणणाऱ्या चेतापेशींना थेट उद्दीपित करतं, आणि ते हवेतून दिलं की गिनीपिग खोकतो. सल्फोलिपिड न बनवणाऱ्या जंतूची लागण झालेले गिनीपिग मूळ वाणाच्या लागणीसारखे खोकले नाहीत. टीबी एकाकडून दुसऱ्याकडे जातो तो खोकल्यातून. म्हणजे या लिपिडाचा उपयोग एका शरीरात तग धरण्यापेक्षा पुढच्या शरीरात पोहोचण्यासाठी असावा. प्रयोगशाळेचा लाडका उंदीर माणसासारखा खोकत नाही, त्यामुळे वर्षानुवर्षं हे कुणाच्या नजरेस पडलं नाही. शिवाय यात भिडणारी पेशी मॅक्रोफेज नाहीच, चेतापेशी आहे. यजमान पेशी म्हटलं की आपण डोळे मिटून मॅक्रोफेज धरतो, त्याला हे उत्तम औषध आहे.

मायकोलिक आम्लांच्या बाबतीत तर जनुक गेल्यावर जंतू नेहमी दुबळाच होईल असंही नाही. या आम्लांवर सायक्लोप्रोपेनच्या छोट्या कड्या बसवणारी एन्झाइमं असतात. त्यातलं पीसीएए काढलं तर जंतू दोरखंडासारख्या लांब जुड्या करून वाढणं सोडतो आणि उंदरात दीर्घकाळ टिकत नाही. त्याच घराण्यातलं सीएमएए२ काढलं तर उलटच होतं: जंतूंची संख्या तेवढीच राहते, पण दाह वाढतो आणि उंदीर लवकर दगावतात. दोन्हीत बदलतो तो ट्रेहॅलोज डायमायकोलेट हा मायकोलिक आम्लं असलेला रेणू, म्हणजे जुन्या पुस्तकांतला कॉर्ड फॅक्टर. मॅक्रोफेजवरचा मिंकल हा रिसेप्टर त्याला ओळखतो, हे जपानी संशोधकांनी २००९ मध्ये दाखवलं. एका कडीची ठेवण इकडची तिकडे झाली तर पेशीचा प्रतिसाद मवाळ किंवा आक्रमक होतो. सीएमएए२ असलेला मूळ जंतू दाह आवरून धरतो, आणि त्यात त्याचाच फायदा आहे. यजमान लवकर मेला तर पसरायचं कसं?

मॅनोज या साखरेचं टोपण असलेलं, जंतूच्या भिंतीतलं लायपोअरॅबिनोमॅनन फॅगोसोमची वाढ रोखतं, यावर भरपूर वाङ्मय आहे. मी ते इथे उगाळत नाही. त्याचा उपयोग डॉक्टरांना वेगळ्याच कारणाने माहीत आहे: एचआयव्ही असलेल्या आजारी रुग्णाच्या लघवीत हेच शोधून टीबीचं निदान करणारी पट्टी. एका तुलनेने नव्या रेणूचा मात्र उल्लेख करायला हवा. ट्युबरक्युलोसिनिल अ‍ॅडेनोसिन हे आरव्ही३३७७सी आणि आरव्ही३३७८सी या शेजारशेजारच्या दोन जनुकांतून बनतं. तो अल्कधर्मी रेणू आम्लयुक्त लायसोसोममध्ये साचून तिथली आम्लता घटवतो आणि लायसोसोम फुगवतो. दोनच जनुकांचा छोटा मार्ग, ठळक परिणाम, सूक्ष्मदर्शकाखाली दिसणारा. नवख्या विद्यार्थ्यासाठी ही बाजू मला पीडीआयएमपेक्षा सोयीची वाटते.

आता वाणांचा प्रश्न. आपण प्रयोगशाळेत एच३७आरव्ही वापरतो. मूळ एच३७ हा १९०५ मध्ये न्यूयॉर्क राज्यातल्या एका रुग्णापासून वेगळा केला गेला, १९३५ मध्ये त्याच्या आरव्ही आणि आरए अशा दोन शाखा झाल्या. तो चौथ्या, म्हणजे युरो-अमेरिकन वंशाचा आहे. या वंशात पीकेएस१५/१ या जनुकात ७ बेस जोड्या गळाल्या आहेत, त्यामुळे तो पीजीएल बनवूच शकत नाही. भारतात दक्षिणेकडे पहिला वंश जास्त आढळतो, उत्तरेकडे तिसरा, आणि मुंबईत औषधांना दाद न देणाऱ्या टीबीत दुसऱ्या वंशाच्या बीजिंग वाणांचा वाटा ठळक आहे. या तिन्ही वंशांत ती ७ अक्षरं जागेवर आहेत. म्हणजे पीजीएलबद्दल आपल्या रुग्णांच्या जंतूविषयी काही म्हणायचं तर एच३७आरव्हीवरचा प्रयोग मुळातच मुका आहे.

पण इथेही घाई नको. बीजिंग कुळातल्या एचएन८७८ वाणात पीजीएल काढल्यावर त्याची मारकता घटली, असं २००४ मध्ये आलं आणि पीजीएलला एकदम 'अतिघातक लिपिड' अशी कीर्ती मिळाली. पुढे एच३७आरव्हीला पीजीएल बनवायला लावलं तर सुरुवातीचा सायटोकाइनचा, म्हणजे प्रतिकारपेशींच्या संदेश-रेणूंचा, प्रतिसाद बदलला, पण जंतू अतिघातक काही झाला नाही. लिपिडाचा परिणाम बाकीच्या घडणीवर अवलंबून असतो. एक जनुक उचलून दुसऱ्याच्या अंगावर टाकलं म्हणून स्वभाव बदलत नाही.

खाण्यापिण्याचाही संबंध आहे, आणि तो मला सगळ्यात देखणा वाटतो. मॅक्रोफेजच्या आत जंतू यजमानाचे मेद आणि कोलेस्टेरॉल खातो. एमसीई४ ही यंत्रणा कोलेस्टेरॉल आत ओढते, २००८ मध्ये ते सिद्ध झालं. कोलेस्टेरॉल मोडताना प्रोपिऑनिल को-एन्झाइम-ए भरपूर निघतं, आणि ते साचलं तर जंतूलाच विषारी. मग ते कुठे घालवायचं? त्यापासून मिथाइलमॅलोनिल को-एन्झाइम-ए बनतं आणि पीडीआयएम व सल्फोलिपिड यांच्या मिथाइल फांद्यांत ते खपतं. जेवणातला उरलेला विषारी भाग हत्यारात गुंतवला जातो. उंदराच्या शरीरात वाढलेल्या जंतूत ही लिपिडं जास्त वजनाची सापडतात ती याचमुळे. प्रयोगशाळेतल्या ग्लिसरॉल-ग्लुकोजच्या माध्यमात वाढलेला जंतू आणि मेदाचे थेंब साचलेल्या फेसाळ मॅक्रोफेजमधला जंतू लिपिडांच्या दृष्टीने सारखे नसतात.

याच धाग्याने मी त्या महत्त्वाच्या मुद्द्याकडे येतो. पीडीआयएम बनवायला जंतूला मोठा खर्च येतो आणि फ्लास्कमध्ये त्याचा काही उपयोग नसतो. म्हणून वारंवार उपसंवर्धन करत, म्हणजे थोडे जंतू नव्या माध्यमात हलवून वाढवत, गेलं की पीडीआयएम बनवण्याची क्षमता आपोआप गमावलेले जंतू जलद वाढून फ्लास्क व्यापतात. २००९ मध्ये हे स्पष्टपणे दाखवलं गेलं. आता जनुक काढण्याच्या नेहमीच्या पद्धतीचा विचार करा: जंतू वाढवा, विजेच्या झटक्याने डीएनए आत घाला, प्लेटवर पसरा, एकच वसाहत उचला, पुन्हा वाढवा. उचललेली वसाहत आधीच पीडीआयएम गमावलेली असेल तर? मग तुमचं जनुक निर्दोष असूनही म्यूटंट दुबळा दिसेल, आणि तुम्ही त्या जनुकाला मारकतेचं श्रेय देऊन मोकळे. उलटंही घडतं: मूळ वाणच पीडीआयएम गमावून बसलेला असेल तर दोघं सारखेच दुबळे दिसतात आणि निष्कर्ष येतो की 'फरक नाही'. परस्परविरोधी निबंधांपैकी काही जोड्या मला तरी अशाच वाटतात. आमच्याकडे गोठवलेल्या प्रत्येक नळीवर ती कितव्या उपसंवर्धनाची आहे हे लिहिलेलं असतं आणि नवीन मुलांना ते कटकटीचं वाटतं. वाटू द्यावं. सुट्टीत 'जिवंत ठेवायला' म्हणून कुणी जंतू फ्लास्कमधून फ्लास्कमध्ये ढकलत राहिलं की मला धडकी भरते.

तपासणी अवघड नाही. पेट्रोलियम ईथरने लिपिड काढा, सिलिका प्लेटवर पेट्रोलियम ईथर आणि डायएथिल ईथर ९:१ मध्ये धावू द्या, फॉस्फोमॉलिब्डिक आम्ल फवारून भाजा. किरणोत्सारी प्रोपिओनेट वापरण्याची सोय असेल तर पट्टे आणखी स्वच्छ दिसतात. रेणूंचं वजन मोजणारा मास स्पेक्ट्रोमीटर मिळाला तर उत्तमच. पीडीआयएम गेलेल्या जंतूची भिंत जास्त झिरपी होते आणि व्हँकोमायसिन त्याला सहज मारतं. यावरून बनवलेली चाचणी प्राथमिक चाळणीला पुरते. २०२४ मध्ये न्यूयॉर्कमधल्या एका गटाने दाखवलं की माध्यमात थोडं प्रोपिओनेट घातलं तर पीडीआयएम गमावण्याची प्रवृत्तीच रोखली जाते. वर सांगितलेल्या रसायनाकडे पाहिलं तर हे सुचायला इतकी वर्षं का लागली असं वाटतं, पण शोध लागल्यावर सगळ्यांनाच तसं वाटतं.

पेशींच्या बाबतीत दोन-तीन सापळे आहेत. पीडीआयएमचा म्यूटंट अनुद्दीपित मॅक्रोफेजमध्ये बरेचदा नीट वाढतो. इंटरफेरॉन-गॅमा या संदेश-प्रथिनाने उद्दीपित उंदीर-मॅक्रोफेजमध्ये, जिथे नायट्रिक ऑक्साइडचा मारा असतो, तिथे तो मार खातो. माणसाच्या मॅक्रोफेज बशीत नायट्रिक ऑक्साइड फारच कमी बनवतात. त्यामुळे टीएचपी-१ या माणसाच्या पेशींवर फरक न दिसणं आणि उंदराच्या अस्थिमज्जेतल्या मॅक्रोफेजवर दिसणं यात विरोध नाही. दुसरं, जंतूंचे गठ्ठे होऊ नयेत म्हणून आपण माध्यमात ट्वीन-८० घालतो. तो जंतूच्या अंगावरचा सैल थर धुऊन काढतो. बाहेरच्या थराचाच अभ्यास करताना तो थर साबणाने धुवायचा, यातला विनोद लक्षात घ्या आणि किमान लागणीच्या आधीची वाढ ट्वीनशिवाय करून पाहा. तिसरं, माणसाच्या सीडी१बी रेणूवर मायकोलिक आम्लं आणि सल्फोलिपिडं टी-पेशींना दाखवली जातात. उंदरात हा सीडी१चा गट नाहीच. प्रतिकाराची ती अख्खी बाजू उंदरात दिसणार नाही.

लिपिडाची जनुकं काढून फायदा काय, असं तुमचे मार्गदर्शक विचारतील, म्हणून एमटीबीव्हॅक लस नजरेखाली असू द्या. स्पेनमधल्या झारागोझा विद्यापीठात कार्लोस मार्टिन यांच्या गटाने माणसापासून मिळालेल्या एमटी१०३ वाणातून दोन जनुकं काढली: फॅडडी२६ आणि फोपी. पहिल्याने पीडीआयएम बंद. फोपी हे नियंत्रक जनुक, ते गेलं की सल्फोलिपिड आणि ट्रेहॅलोजवर बसणारी इतर अ‍ॅसिल लिपिडं बंद होतात, आणि ईएसएक्स-१मधून बाहेर पडणाऱ्या ईएसएटी-६ या प्रथिनाचा स्रावही थांबतो. एच३७आरए निरुपद्रवी असण्यामागे फोपीतला एक बदल हे मोठं कारण आहे. जिवंत लसीत एक जनुक परत फिरलं तरी दुसरं धरून ठेवावं म्हणून दोन स्वतंत्र ठिकाणी कात्री लावली. ही लस सध्या माणसांतल्या चाचण्यांत आहे: दक्षिण आफ्रिका, मादागास्कर, सेनेगलमध्ये नवजात बाळांत, आणि २०२४ पासून हैदराबादच्या भारत बायोटेकबरोबर भारतात प्रौढांत. बीसीजीतही असे अपघात आहेत. मोरो, ग्लॅक्सो आणि टोकियो या उपवाणांत पीडीआयएम आणि पीजीएल आपोआप गेलेलं आढळलं, आणि १९२७ नंतर पाश्चरमधून बाहेर गेलेल्या उपवाणांत मिथॉक्सी मायकोलिक आम्लं बनत नाहीत. बीसीजी हे एकच काहीतरी आहे असं समजून कुणी आकडे जोडत असेल तर त्याला हे दाखवा.

कुठलं जनुक घ्यावं? मास किंवा पीपीएसचा म्यूटंट 'पीडीआयएम नाही' असा तुलनेचा वाण म्हणून हवाच, पण प्रबंधाचा मुख्य विषय म्हणून नको. त्या वाटेवर गर्दी आहे. तुमच्या परिसरातल्या रुग्णांकडून मिळालेल्या पहिल्या किंवा तिसऱ्या वंशाच्या वाणात, नीट परवानगी आणि बीएसएल-३ची, म्हणजे धोकादायक जंतू हाताळायच्या सुरक्षित प्रयोगशाळेची, सोय असेल तर, पीकेएस१५/१ काढून पीजीएल नसल्याचा परिणाम माणसाच्या मॅक्रोफेजवर पाहणं मला जास्त मोलाचं वाटतं, कारण यावरचं बरंचसं काम बीजिंग वाणांवर किंवा माशांवर झालं आहे. बीएसएल-३ नसेल तर ट्युबरक्युलोसिनिल अ‍ॅडेनोसिन किंवा शुद्ध पीडीआयएम घ्या आणि लायसोसोमची आम्लता, पडद्याची प्रवाहिता मोजा. कोणतंही घेतलंत तरी तीन वाण हातात असू द्या: मूळ, म्यूटंट, आणि जनुक परत घातलेला. तिघांचीही पीडीआयएमची प्लेट लागणीच्या त्याच आठवड्यात काढा, तीन वर्षांपूर्वी काढलेली चालणार नाही. प्लेटवर मूळ वाणाचाच पट्टा फिका दिसला तर पेशींना हात लावू नका, आधी जुन्या साठ्यातली नळी बाहेर काढा.